सोवळं मोडलं तेही मनापासून: लक्ष्मीबाई टिळक यांची गोष्ट

एका ब्राह्मण बाईचा नवरा ख्रिस्ती झाला. चार-पाच वर्षं ती त्याच्यापासून दूर राहिली. मग लहान मुलाला घेऊन ती त्याच्याकडे अहमदनगरला आली. नवऱ्याकडे परत आली खरी, पण ख्रिस्ती मात्र झाली नाही. ख्रिस्ती वस्तीत राहून ती आपलं पाणी वेगळं भरायची, आपला स्वयंपाक वेगळा करायची. आजूबाजूची माणसं तिच्यासाठी विटाळाचीच होती.

नवरा मिशनचा माणूस, कवी आणि प्रचारक. बायकोने बाप्तिस्मा घेतला असता तर त्याचं नाव झालं असतं आणि तिचंही जगणं सोपं झालं असतं. पण जे मनाला पटलेलं नाही ते करून दाखवायचं तिला जमत नव्हतं. आणि जेव्हा पटलं, तेव्हा कुणाच्या सांगण्याची वाटही तिने पाहिली नाही.

ही बाई म्हणजे 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक. मराठीतल्या सर्वांत गाजलेल्या आत्मचरित्रांपैकी एक त्यांच्या नावावर आहे. शाळेत त्या कधी गेल्या नाहीत. हे पुस्तक इतकं खरं का वाटतं याचं उत्तर त्यांच्या आयुष्यात सापडतं.

मीठसुद्धा धुऊन घेणारं घर

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं आडनाव गोखले, लहानपणचं नाव मनू. या घराला १८५७ च्या उठावाची झळ लागली होती. मनूच्या आईच्या वडिलांना त्या धामधुमीत इंग्रजांनी फाशी दिली. त्याचा मनूच्या वडिलांच्या मनावर विलक्षण परिणाम झाला आणि त्यांना सोवळ्याओवळ्याने झपाटलं.

त्या काळात सोवळं बहुतेक ब्राह्मण घरांत पाळलं जायचं, पण इथे त्याला सीमाच नव्हती. बाहेरून येणारी जवळपास प्रत्येक वस्तू धुऊनच घरात यायची, मीठसुद्धा त्यातून सुटत नसे. कुणी शिवलं, कुणाची सावली पडली, की सगळं पुन्हा पहिल्यापासून. घरातल्या बायका आणि मुलं यात भरडून निघायची. शुद्धतेच्या नावाखाली माणूस माणसाला किती छळू शकतो, हे मनूने फार लहान वयात पाहिलं. पुढे याच गोष्टी त्यांनी लिहिल्या तेव्हा वडिलांबद्दल कडवटपणा ठेवला नाही. वाचणारा हसतो आणि हसता हसता गप्प होतो, अशा पद्धतीने त्यांनी ते सगळं मांडलं.

नवरा: हुशार, उदार आणि कुठेच न टिकणारा

वयाच्या अकराव्या वर्षी मनूचं लग्न झालं आणि ती लक्ष्मी टिळक झाली. नवरा नारायण वामन टिळक. लोकमान्य नव्हेत, पुढे 'फुलामुलांचे कवी' म्हणून ओळखले गेलेले रेव्हरंड टिळक. त्यांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. आई लवकर गेली, वडील कडक. मुलगा घर सोडून नाशिकला आला आणि तिथे संस्कृत शिकला.

टिळकांची बुद्धी तीव्र होती, पण संसाराचं त्यांना भान नव्हतं. आज इथे नोकरी, उद्या तिथे. न सांगता निघून जायचं, महिनोन्‌महिने पत्ता नसायचा. हातात पैसा आला की तो समोरच्या गरजवंताला देऊन मोकळे. घरात धान्य आहे की नाही, हा प्रश्न बायकोने सोडवायचा. बायकोला शिकवायचं मात्र त्यांच्या मनाने घेतलं होतं. कधी उत्साहाने शिकवणी सुरू व्हायची, कधी अर्ध्यावर सुटायची. अशा तुटक तुटक धड्यांमधून लक्ष्मीबाई वाचायला-लिहायला शिकल्या.

रेल्वेच्या डब्यात मिळालेलं पुस्तक

१८९० नंतरच्या वर्षांत टिळक नागपूरला होते. १८९३ च्या सुमारास ते रेल्वेने राजनांदगावला निघाले असता डब्यात एका मिशनऱ्याशी गाठ पडली. बोलणं कवितेवरून धर्मावर गेलं. उतरताना त्या माणसाने टिळकांना बायबलचा नवा करार दिला आणि वाचायचं वचन घेतलं.

टिळकांनी ते वचन पाळायचं म्हणूनच वाचायला घेतलं. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि थांबले. त्या प्रवचनाचा बराचसा भाग दिखाऊ धर्मावर आहे. लोकांनी पाहावं म्हणून दान करू नये, चारचौघांत उभं राहून प्रार्थना मिरवू नये, दार लावून देवाशी बोलावं, असं ते सांगतं. कर्मकांडाच्या देखाव्याला कंटाळलेल्या या तरुण शास्त्र्याला ते भिडलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

एकाचा खरेपणा, दुसऱ्याची फरपट

इथे ही गोष्ट अवघड होते. टिळकांचा निर्णय प्रामाणिक होता. त्यात कमावण्यासारखं काही नव्हतं, गमावण्यासारखं सगळं होतं. पण त्याची किंमत त्यांच्या बायकोनेही मोजली, आणि तिला तर कुणी विचारलंही नव्हतं.

लक्ष्मीबाई तेव्हा माहेरच्या आणि सासरच्या नातेवाइकांकडे होत्या. बातमी आली आणि त्या कोसळल्या. नवरा जिवंत, पण समाजाच्या लेखी मेलेला. मुलगा दत्तू अवघा तीन-चार वर्षांचा. पुढची चार-पाच वर्षं नाशिक, पंढरपूर अशा ठिकाणी नातलगांच्या आधाराने गेली. त्या काळात त्यांची प्रकृती इतकी ढासळली की त्या जगतील का, अशी भीती घरच्यांना वाटू लागली. याच दिवसांत त्यांनी कविता करायला सुरुवात केली. ती छापण्यासाठी नव्हती. दुःख कुठेतरी ठेवायला जागा हवी होती, म्हणून ती आली.

स्मृतिचित्रांत लक्ष्मीबाईंनी हा काळ सजवलेला नाही. नवऱ्याला त्यांनी संत केलं नाही आणि खलनायकही केलं नाही. तो चुकला तिथे चुकला, आणि तरीही त्याच्यावर माझा जीव होता, हे दोन्ही त्यांनी एकाच श्वासात मान्य केलं. मोठ्या माणसाच्या पत्नीने लिहिलेल्या आठवणींत असं क्वचितच आढळतं.

जात कुणी केली?

अखेर पत्रव्यवहार, भेटी आणि नातेवाइकांची घालमेल यातून वाट निघाली आणि लक्ष्मीबाई टिळकांकडे आल्या. धर्माच्या बाबतीत आपल्यावर जबरदस्ती होणार नाही, हे त्यांनी नवऱ्याकडून वदवून घेतलं होतं. टिळकांनी ते पाळलं.

मग सुरुवातीला सांगितलेले ते दिवस आले. रोज ख्रिस्ती माणसांच्या शेजारी राहायचं आणि रोज त्यांच्या स्पर्शापासून स्वतःला जपायचं. लक्ष्मीबाईंना त्यात खोटं काही वाटत नव्हतं, कारण तो त्यांचा खरा विश्वास होता. पण त्या डोळे उघडे ठेवून राहत होत्या. ज्यांना आपण शिवत नाही ती माणसं आपल्याशी प्रेमाने वागतात, आजारपणात धावून येतात, हे त्या पाहत होत्या.

हळूहळू त्यांच्या डोक्यात एक प्रश्न घर करू लागला. गाय, घोडा, कावळा यांच्या जाती दिसतात, कारण त्यांची शरीरंच वेगळी असतात. माणसामाणसांत असा फरक कुठे दिसतो? मग ही जात देवाने केली की माणसाने? हा विचार त्यांनी कुठल्या पुस्तकातून घेतला नव्हता, तो त्यांचा त्यांनीच केला. उत्तर मिळालं तेव्हा त्यांनी एका झटक्यात सोवळं सोडलं आणि कुणाच्याही हातचं खायला-प्यायला लागल्या. टिळकांना हे नंतर कळलं.

हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी जात गेली, मग त्यांनी ख्रिस्ताकडे पाहिलं. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मिशनची शिकवण पाठ म्हणून दाखवली, म्हणून त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. स्वतःच्या स्वयंपाकघरात सुरू झालेला प्रश्न त्यांना तिथे घेऊन गेला.

चर्चमधलं गाणं आणि देवळातलं भजन

त्या काळातल्या मराठी ख्रिस्ती उपासनेचं चित्रही इथे समजून घ्यायला हवं. अमेरिकन मराठी मिशनचं काम मुंबईत १८१३ पासून आणि नगरमध्ये १८३१ पासून सुरू होतं. मिशनऱ्यांनी इंग्रजी भक्तिगीतांची मराठी भाषांतरं केली आणि ती मूळ पाश्चात्त्य चालींवर म्हटली जात. उपासना शिस्तीची आणि नीटनेटकी असायची, पण ती गाणाऱ्यांची नव्हती.

अडचण भक्तीत नव्हती, भाषेच्या घडणीत होती. इंग्रजी गाण्याचा ठेका शब्दावरच्या आघातावर चालतो. मराठी पद्य अक्षरांच्या किंवा मात्रांच्या हिशेबावर चालतं. परक्या चालीत मराठी शब्द बसवला की तो भलतीकडे ताणला जातो, भलतीकडे तुटतो आणि अर्थ हरवतो. मोठ्या अभंगाचा साचा पाहा: पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या आणि एकादशीला भजन ऐकणाऱ्या माणसाच्या कानात तो आधीच मुरलेला असतो. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उचलायची. हातात पुस्तक लागत नाही, अक्षरओळखही लागत नाही. नगर जिल्ह्यातल्या गावोगावच्या ख्रिस्ती मंडळींत वाचता न येणारे कितीतरी होते. त्यांच्यासाठी हा फरक फार मोठा होता.

नगरमध्ये कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या मंडळींनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधीच पाडली होती. टिळकांनी तिचा हमरस्ता केला. आपण तुकारामांच्या वाटेनेच ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते मानत. म्हणून ख्रिस्ताची भक्ती अभंगात, ओवीत, भजनात व्हावी, हा त्यांचा आग्रह होता. त्यांनी दोनशेहून अधिक भक्तिगीतं लिहिली आणि त्यातली अनेक 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहातून आजही गायली जातात. बाहेरून आणलेल्या रीतीलाच खरी उपासना मानणाऱ्यांना टाळ-मृदंग खटकायचा. यातून जुनाच धर्म परत येईल, अशीही शंका होती. पण साध्या माणसांनी ही भजनं आपली केली.

याच सुमारास पंडिता रमाबाईंनाही बायबलच्या मराठीबद्दल असाच प्रश्न पडला होता. संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातल्या बाईला कळत नाही, म्हणून त्यांनी स्वतः सोप्या मराठीत बायबलचं भाषांतर केलं. त्यासाठी त्यांनी आयुष्याची शेवटची कित्येक वर्षं दिली.

एक गैरसमज मात्र व्हायला नको. साधेपणा म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. टिळक संस्कृतात तयार झालेले कवी होते आणि त्यांची भजनं घाईत रचलेली नाहीत. लोकांनी वाहवा करावी म्हणून नव्हे, तर गाणाऱ्याच्या तोंडात शब्द नीट बसावा म्हणून ती मेहनत होती.

लक्ष्मीबाईंनीही पुढे कीर्तनं केली. बाईने उभं राहून कीर्तन करणं तेव्हा सर्रास नव्हतं. त्यांच्याकडे शास्त्रार्थाची भाषा नव्हती, पण बोलणं होतं, विनोद होता आणि आयुष्यात सोसलेलं होतं. कीर्तनाला तेवढं पुरतं.

भक्ती घरात उतरते तेव्हा

लक्ष्मीबाईंचा धर्म चर्चपेक्षा घरात जास्त दिसतो. टिळकांचं घर म्हणजे धर्मशाळा. विद्यार्थी, अनाथ मुलं, कवी, पाहुणे, कुणीही यावं आणि राहावं. 'बालकवी' ठोंबरे यांनाही या घरात आधार आणि आईची माया मिळाली. टिळकांनी माणसं आणायची आणि लक्ष्मीबाईंनी त्यांच्या जेवणाची सोय करायची, अशी ही वाटणी होती. त्यावरून दोघांची भांडणंही व्हायची. लक्ष्मीबाईंनी ती लपवली नाहीत.

प्लेगच्या साथीत लोक एकमेकांपासून पळत होते, तेव्हा त्या रुग्णांच्या सेवेत होत्या. मिठालाही विटाळ होतो असं मानणाऱ्या घरातली मुलगी प्लेगच्या रुग्णाला हाताने भरवू लागली. तिच्या धर्मांतराचा याहून मोठा पुरावा शोधावा लागत नाही.

देवाचा दरबार

१९०४ मध्ये टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली होती आणि १९१२ पासून ते 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादक होते. नाव होतं, ठरलेला पगार होता. पण मिशनचा पगारदार म्हणून ख्रिस्ताबद्दल बोलणं त्यांना खुपू लागलं. ऐकणाऱ्याला वाटतं की हा पैशासाठी बोलतो, आणि ती शंका दूर करायची तर पैसाच सोडला पाहिजे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यासी वृत्तीने राहायला सुरुवात केली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोघंही ख्रिस्ताचे भक्त म्हणून तिथे एकत्र येऊ शकत होते.

संसाराला याचा फटका पुन्हा बसला. पगार थांबला आणि लक्ष्मीबाईंच्या वाट्याला पुन्हा काटकसर आली. पण या वेळी त्या मागे पडलेल्या नव्हत्या, सोबत होत्या. दरबार फार वाढण्याआधीच ९ मे १९१९ रोजी टिळकांचं मुंबईत निधन झालं. आपल्या देहाचं दफन न करता दहन करावं, नावामागे रेव्हरंड किंवा मिस्टर लावू नये, अशी त्यांची इच्छा होती.

शाळेत न गेलेल्या बाईचं पुस्तक

टिळकांच्या मागे लक्ष्मीबाईंनी काही काळ मुंबईत, काही काळ कराचीत काढला आणि शेवटची वर्षं त्या नाशिकला राहिल्या. मुलगा देवदत्त, म्हणजे तोच दत्तू, वडिलांचं चरित्र लिहिणार होता. त्यासाठी त्याने आईला आठवणी लिहून द्यायला सांगितलं. आईने लिहायला घेतलं आणि झालं भलतंच. वडिलांच्या चरित्राचा कच्चा माल म्हणून आलेला मजकूर स्वतःच एक मोठं पुस्तक निघाला. आधी तो मासिकातून आला आणि १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' नावाने चार भागांत प्रसिद्ध झाला.

त्या काळचं प्रतिष्ठित मराठी गद्य भारदस्त, संस्कृत वळणाचं असे. लक्ष्मीबाईंचं वाक्य बोलल्यासारखं येतं. लहान, तिरकस, मध्येच हसवणारं. त्यांना मोठे शब्द येत नव्हते म्हणून असं झालं, असं म्हणणं सोपं आहे, पण ते अर्धंच उत्तर होईल. त्या सतत स्वतःवर हसतात, आपली फजिती आधी सांगतात आणि आपण चांगल्या दिसावं यासाठी एकही प्रसंग वळवत नाहीत. आयुष्यभर न पटलेलं करून दाखवलं नाही, तीच सवय लेखणीत आली. देवदत्तांनीही ती भाषा सुधारून शिष्ट केली नाही, हे मराठी वाचकांचं भाग्य.

१९३३ मध्ये नागपूरला भरलेल्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे येशूच्या जीवनावरचं ओवीबद्ध काव्य सुरू केलं होतं, पण ते सुरुवातीच्या काही अध्यायांवरच राहिलं होतं. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. तुटक धड्यांमधून अक्षरं गिरवलेल्या बाईने, ज्याने ती शिकवली त्याचंच अपुरं काम पुढे नेलं. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकमध्ये त्यांचं निधन झालं आणि 'ख्रिस्तायन' त्यानंतर, १९३८ मध्ये प्रसिद्ध झालं.

आज लक्ष्मीबाई का वाचायच्या?

धर्म कुठलाही असो, त्यात दिखाव्याचा मोह असतोच. पूर्वी तो सोवळ्याचा होता, मिशनच्या काळात तो परक्या टापटिपीचा झाला, आज तो आणखी कशाचा असेल. लक्ष्मीबाई आधी पहिल्यात वाढल्या आणि नंतर दुसऱ्यात वावरल्या. दोन्ही ठिकाणी त्यांनी स्वतःला एकच साधा प्रश्न विचारला: हे मला खरंच पटलं आहे का? उत्तर नाही असं आलं, तेव्हा नवऱ्याच्या आणि मिशनच्या मध्यभागी राहूनही त्यांनी सोवळं पाळलं. उत्तर बदललं, तेव्हा आयुष्यभराची सवय मोडली.

'स्मृतिचित्रे' अजून छापलं जातं, वाचलं जातं, त्यातले उतारे शाळेतली मुलं वाचतात. मराठी चर्चमध्ये रविवारी टिळकांची भजनं अजून म्हटली जातात. ज्यांनी हे पुस्तक वाचलेलं नाही, त्यांनी पहिल्या भागापासून सुरुवात करावी. मीठ धुण्याचा प्रकार तिथेच भेटतो.